पाणी किती अंशांना उकळतं

आमच्या ऑफिसात वरच्या मजल्यावरची मोठी खोली कोणत्या विभागाला मिळणार, हे विज्ञानाच्या प्रश्नमंजूषेवर ठरतं. असं सांगितलं की लोकांना वाटतं मी थापा मारतोय. बारा वर्षांपूर्वी त्या खोलीवरून दोन विभागप्रमुखांची अशी जुंपली होती, की एकाने दुसऱ्याची खुर्ची जिन्यावरून खाली ढकलून दिली. खुर्ची रिकामी होती, पण जिन्यावर तेव्हाचे मोठे साहेब होते. लंगडत केबिनमध्ये गेल्यावर त्यांनी आदेश काढला: दरवर्षी सामान्य विज्ञानाची स्पर्धा घ्यावी, जो विभाग जिंकेल त्याला वर्षभर ती खोली. ते साहेब गेले, आदेश राहिला. भांडणंही राहिली, फक्त आता ती शास्त्रीय झाली.

ऑफिस पाणीपुरवठ्याचं. म्हणजे विज्ञानाशी ज्याचा रोजचा संबंध असा एकच विभाग त्यात आहे, तो म्हणजे पाणी तपासणारी प्रयोगशाळा. आणि अकरा वर्षांत एकदाही न जिंकलेला विभागही तोच. त्या प्रयोगशाळेत आम्ही दोघं होतो. प्रमुख होत्या बाई, आणि हाताखाली मी. बाईंना नाव होतं, पण ते पगारपत्रकापुरतं. शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे त्यांना बाईच म्हणत, आणि म्हणताना आवाज थोडा खाली आणत.

आमची जागा तळघरात, पंपांच्या भिंतीला भिंत लावून. पंप चालू असले की टेबलावरची पेन्सिल आपोआप चालायला लागायची. आता आमचं काम ऐका. लिटरभर पाणी आटवायचं, भांड्याच्या तळाशी जो चिमूटभर थर उरतो त्याचं वजन करायचं. त्यासाठी जो तराजू होता तो मिलिग्रॅमचा दहावा हिस्सासुद्धा दाखवायचा. दाखवायचा म्हणजे काय, पंप चालू असताना शेवटचे दोन आकडे नुसते नाचायचे. दुपारी एक ते दोन पंप बंद असायचे. त्या तासात अख्खं ऑफिस जेवायचं आणि आम्ही श्वास धरून वजनं करायचो. दोननंतर, पंपांच्या धडधडीत, आमचे डबे उघडायचे. अकरा वर्षं मी गार जेवलो.

वरच्या खोलीत मात्र कोपऱ्यात भिंतीत बसवलेला दगडी कट्टा होता, हातभर जाड. जमिनीत खड्डा खणला तरी तो हलला नसता. तराजूसाठीच जन्माला आलेला कट्टा. त्यावर आवक-जावक विभागाने शिक्के, छत्र्या आणि चहाचा थर्मास ठेवला होता.

आवक-जावकचे प्रमुख म्हणजे शिक्केसाहेब. हे आम्ही पाडलेलं नाव. येणाऱ्या प्रत्येक कागदावर शिक्का मारायचा, क्रमांक घालायचा आणि पुढे ढकलायचा, हे त्यांचं काम. पण गृहस्थाची स्मरणशक्ती अशी, की डोळ्यांखालून गेलेला कागद पुन्हा विसरायचा नाही. सगळी स्पर्धा ज्यातून निघायची ते पिवळ्या कव्हराचं प्रश्नसंचाचं पुस्तक त्यांनी कधीच पाठ केलं होतं. ऑक्टोपसला हृदयं किती? तीन. मधमाशीला डोळे? पाच. त्यांनी ऑक्टोपस जन्मात पाहिला नव्हता आणि मधमाशी दिसली की ते टेबलाखाली जात, पण उत्तर चुकत नसे. अकरापैकी नऊ वेळा तेच जिंकले.

आणि आमच्या बाई? स्पर्धेचा नियम असा, की सहकाऱ्याने घंटा वाजवायची आणि उत्तर विभागप्रमुखानेच द्यायचं. घंटा मी वाजवायचो. पुढे बाई बोलायच्या आणि तिथेच घोडं पेंड खायचं. एका वर्षी विचारलं, शुद्ध पाण्याचा रंग कोणता? पिवळ्या पुस्तकात 'रंगहीन'. बाई म्हणाल्या, "किंचित निळसर. पेल्यात दिसत नाही, खोल असलं की दिसतो." चूक. पुढच्या वर्षी, जिभेच्या शेंड्याला कोणती चव कळते? पुस्तकात 'गोड'. बाई म्हणाल्या, "सगळ्या. खात्री नसेल तर मीठ लावून बघा." चूक. ज्ञानेंद्रियं किती, तर म्हणे, "पाच धरलीत तर तोल कशाने सांभाळता?" या उत्तराला सभागृहात टाळ्या पडल्या आणि गुण शून्य.

प्रत्येक स्पर्धेनंतर बाई एक पत्र लिहायच्या. अमुक प्रश्नाचं पुस्तकातलं उत्तर चुकीचं आहे, खरं उत्तर हे, सोबत आम्ही केलेल्या मोजणीचे आकडे. ते पत्र मी वर आवक-जावकमध्ये नेऊन द्यायचो, शिक्केसाहेब त्यावर शिक्का मारायचे, क्रमांक घालायचे आणि ते स्पर्धा घेणाऱ्या आस्थापना विभागाकडे जायचं. तिथून पुढे काय व्हायचं? पालथ्या घड्यावर पाणी. मी एकदा बाईंना म्हणालोसुद्धा, कशाला हात दुखवून घेता. त्या म्हणाल्या, "चूक दिसली आणि कळवली नाही, तर ती आपली होते." मी पत्र घेऊन जिना चढायचो.

बाराव्या वर्षी मात्र पाणी गळ्यापर्यंत आलं. वरून तपासणी झाली. पंप चालू असताना एकच नमुना तीनदा तोलला तर तीन वजनं, असा शेरा पडला. वर्षअखेरपर्यंत तराजूला स्थिर जागा मिळाली नाही तर प्रयोगशाळा बंद करून नमुने बाहेर पाठवावेत, सहायकाला अन्य विभागात सामावून घ्यावं. अन्य विभाग म्हणजे कोणता, तेही लिहिलं होतं: आवक-जावक. बाईंच्या निवृत्तीला त्या वेळी बरोबर वर्ष राहिलं होतं. सत्तावीस वर्षांची प्रयोगशाळा त्यांच्यासकट गुंडाळायची, असा सरळ हिशेब.

मी मोठ्या साहेबांकडे गेलो. म्हटलं, साहेब, वरची खोली देऊन टाका. ते म्हणाले, "द्यायला माझी हरकत नाही. पण आदेश आहे ना. जिंका आणि घ्या." पाणी तपासणारा विभाग वाचवायचा की नाही, हे ऑक्टोपसच्या हृदयांवर ठरणार होतं. मला इतका संताप आला की जिना उतरताना मी कठड्यावर मूठ आपटली. कठड्याला काही झालं नाही.

मग मी बाईंपुढे पिवळं पुस्तक ठेवलं.

"बाई, या वर्षी हे पाठ करायचं. जसंच्या तसं."

"यातलं निम्मं खोटं आहे."

"निम्मं नाही. दोनशे बावन्न उत्तरं खोटी आहेत, मी मोजलीत. तेवढीच खोटी बोलायचीत."

बाईंनी पुस्तक चिमट्यात धरल्यासारखं उचललं, चार पानं उलटली, परत ठेवलं. तिसऱ्या दिवशी, वजनाच्या तासात, तराजूचा दरवाजा लावता लावता म्हणाल्या, "एक दिवस खोटं बोलून पुढची वर्षं खरं मोजता येणार असेल, तर बोलते. पण तू हे कुणाला शिकवू नकोस."

शिकवणी सुरू झाली. मी विचारायचो, त्या उत्तर द्यायच्या. मी आजवर अनेकांना खोटं बोलताना पाहिलं आहे, पण त्यासाठी इतके कष्ट घेणारं माणूस पाहिलं नाही.

"पाणी किती अंशांना उकळतं?"

"शंभर." मग थोडं थांबून, "समुद्रसपाटीला."

"बाई, समुद्रसपाटी नको."

"अरे, मग शंभर कशाला म्हणायचं? आपण हजारावर मीटर उंच राहतो. रोज उकळतोस ना तू? थर्मामीटर काय दाखवतो?"

"साडेशहाण्णव."

"मग?"

"मग तुम्ही म्हणा शंभर."

एवढं होऊनही सात-आठ वेळा समुद्रसपाटी आलीच. शेवटी बाईंनी वहीत दोन रकाने आखले, एकावर 'खरं' आणि दुसऱ्यावर 'पुस्तकातलं'. दुसरा रकाना त्या रोज सकाळी हात धुऊन वाचायच्या आणि वाचून झाल्यावर परत हात धुवायच्या. मला हसू यायचं आणि वाईटही वाटायचं. सत्तावीस वर्षांत ज्यांनी दशांशचिन्हापुढचा आकडा कधी अंदाजाने लिहिला नाही, त्यांना मी चारचौघांत धडधडीत खोटं बोलायला तयार करत होतो, आणि दर आठवड्याला त्यांची प्रगती बघून खूशही होत होतो.

माझाही सराव चालला होता. घरी स्वयंपाकघरात बायको प्रश्न वाचायची आणि मी चमच्याने पेला वाजवायचो. नियम असा होता, की घंटा वाजली की प्रश्नवाचन तिथेच थांबतं आणि पाच सेकंदांत उत्तर द्यावं लागतं. शिक्केसाहेबांचा सहकारी चपळ होता. त्याला मागे टाकायचं तर प्रश्नाच्या चौथ्या-पाचव्या शब्दालाच हात चालायला हवा होता.

"अहो, प्रश्न तरी पूर्ण होऊ द्या," बायको म्हणाली.

"पूर्ण ऐकणारे हरतात."

"आणि प्रश्न वेगळाच निघाला तर?"

"पिवळ्या पुस्तकात वेगळं काही निघत नाही. अकरा वर्षांत एक शब्द बदललेला नाही."

तिने पुस्तक मिटलं आणि भाजी चिरायला घेतली. तिच्या तोंडावरचा भाव मला तेव्हा आवडला नव्हता.

स्पर्धेच्या दिवशी सभागृह गच्च भरलं होतं. दरवर्षीप्रमाणे फायली खुर्च्यांवरून उचलून जमिनीवर रचल्या होत्या. एकच गोष्ट नवी होती. जुने आस्थापना अधिकारी बदलून गेले होते आणि प्रश्न विचारायला नवे आले होते, चष्मा सारखा वर करणारे, सडपातळ. त्यांची कीर्ती अशी की ते फायली वाचतात. ऑफिसात या गोष्टीची चेष्टा व्हायची.

बाई नेहमीसारख्या ताठ बसल्या होत्या. पहिल्याच फेरीत प्रश्न आला, जिभेच्या शेंड्याला... मी घंटा मारली. बाईंनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, "गोड." सभागृहात कुजबुज झाली. शुद्ध पाण्याचा सामू, म्हणजे पीएच? "सात." कुठल्या तापमानाला, उघड्यावर किती वेळ ठेवलेल्या, यातलं काहीही न विचारता, नुसतं सात. शिरांमधल्या रक्ताचा रंग? "निळा." हे म्हणताना त्यांचा आवाज चिरकला, पण म्हणाल्या. शिक्केसाहेब वळून बघायला लागले. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, काळजी होती. बाईंची तब्येत बरी नसावी असं त्यांना वाटलं असणार.

शेवटच्या प्रश्नाला आम्ही आणि आवक-जावक बरोबरीत होतो. बाकीचे विभाग केव्हाच बाद होऊन भिंतीला टेकले होते. अधिकाऱ्यांनी पिवळं पुस्तक बाजूला ठेवलं आणि एक सुटा कागद हातात घेतला. हे मी पाहिलं. पाहूनही माझ्या डोक्यात काही शिरलं नाही, कारण डोकं सगळं हातात उतरलं होतं.

"पाणी किती अंशांना उकळतं?" ते म्हणाले, आणि श्वास घेतला.

त्या श्वासात मी घंटा मारली. आजवरची माझी सर्वांत वेगवान घंटा.

"शंभर," बाई म्हणाल्या. समुद्रसपाटी आली नाही. मला त्यांचा इतका अभिमान वाटला की आजही आठवलं की लाज वाटते.

अधिकाऱ्यांनी चष्मा वर केला. "चूक," ते म्हणाले. "प्रश्न पूर्ण वाचतो. पाणी किती अंशांना उकळतं? उत्तर आपल्या या इमारतीपुरतं द्यावं. आवक-जावक?"

शिक्केसाहेब उभे राहिले. "साडेशहाण्णव," ते म्हणाले. "प्रयोगशाळाप्रमुखांचं पत्र, चार वर्षांपूर्वीचं. आवक क्रमांक चारशे बारा. सोबत तीन मोजण्या जोडल्या होत्या."

अकरा वर्षं मी ज्या पत्रांना पालथ्या घड्यावरचं पाणी म्हणत आलो, ती दोन माणसांनी वाचली होती. एकाने शिक्का मारताना, आणि दुसऱ्याने या वर्षी फाइल उघडून. आणि त्या अधिकाऱ्याने बाईंचा मान राखायचा म्हणून मुद्दाम शेवटचा प्रश्न त्या पत्रातून काढला होता. वाट बघत होता बिचारा की आता बाई आनंदाने उत्तर देतील. ते उत्तर साऱ्या ऑफिसात फक्त बाईंचं होतं, आणि मी ते त्यांच्या तोंडातून घासून घासून काढून टाकलं होतं.

पुढच्या रांगेतून मोठे साहेब उठले. तपासणीचा शेरा त्यांच्याही टेबलावर होता, प्रयोगशाळा बंद झाली तर उत्तरं त्यांना द्यावी लागणार होती. ते म्हणाले, "घंटा वाजेपर्यंत जेवढा प्रश्न वाचला तेवढ्यालाच उत्तर आहे. तेवढ्याला शंभर बरोबर. पुस्तकातही शंभरच आहे. प्रयोगशाळेला गुण द्या."

अधिकाऱ्यांनी शिक्केसाहेबांकडे पाहिलं. शिक्केसाहेबांनी लगेच मान हलवली. "माझी हरकत नाही. घेऊ द्या बाईंना खोली. कट्टा मी उद्याच रिकामा करतो."

झालं होतं. खोली आमची होती, दगडी कट्टा, खिडकी, गरम डबा, सगळं. मी टाळी वाजवायला हात उचललेही होते.

बाई उभ्या राहिल्या.

"शंभर चूक आहे," त्या म्हणाल्या.

"बाई, तुमचंच उत्तर आहे," मोठे साहेब म्हणाले.

"म्हणूनच सांगते. ही इमारत समुद्रसपाटीला नाही. इथे शंभरला पाणी उकळलेलं मी एकदाही पाहिलेलं नाही. गुण त्यांना द्या."

"अहो, पण तुमची प्रयोगशाळा..."

"साहेब, अकरा वर्षं मी यांना चूक आहे म्हणून कळवत आले. आज पहिल्यांदा यांनी बरोबर प्रश्न विचारला आणि त्यांनी बरोबर उत्तर दिलं. आता ते खोटं ठरवून मी तराजू कुठे ठेवू?"

मी खाली बसल्याबसल्या त्यांच्या साडीचा पदर ओढला. हो, ओढला. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, पदर सोडवून घेतला आणि त्या परत म्हणाल्या, "गुण त्यांना द्या." मग त्या अधिकाऱ्यांकडे वळल्या आणि म्हणाल्या, "आधीची तीन उत्तरंही तपासून घ्या. रक्त निळं नसतं." एवढं बोलून बसल्या. त्या दिवसातलं बाईंचं पहिलं मोकळं वाक्य ते.

मी त्यांच्याशी आठ दिवस बोललो नाही. कुठल्या तोंडाने रागावलो होतो, ते देव जाणे. घंटा माझी, शिकवणी माझी, खोटं माझं, आणि राग बाईंवर. आठव्या दिवशी वजनाच्या तासात मीच म्हणालो, "बाई, एक शब्द गिळला असता तर काय बिघडलं असतं?" त्या तराजूकडेच बघत होत्या. म्हणाल्या, "गिळत होतेच की दोन महिने. बाधला." आणि मला पुढचं भांडं द्यायला सांगितलं.

वर्षअखेरीस प्रयोगशाळा बंद झाली. नमुने आता गाडीत घालून दुसऱ्या शहरात जातात आणि तिथून आठवड्याने आकडे येतात. तराजू खोक्यात बंद होऊन गेला. बाई निवृत्त झाल्या. निरोपाला शिक्केसाहेब बोलले. बोलले म्हणजे त्यांनी बाईंची अकराही पत्रं क्रमांकासकट तोंडपाठ म्हणून दाखवली. निम्मं ऑफिस जांभया देत होतं, आणि बाई पहिल्यापासून शेवटपर्यंत मन लावून ऐकत होत्या, मध्ये एकदा त्यांनी एक आकडा दुरुस्तही केला.

मला शेऱ्यात लिहिल्याप्रमाणे आवक-जावकमध्ये सामावून घेतलं. म्हणजे अखेर वरची खोली मला मिळाली. खिडकी आहे, जेवण एक वाजता, डबा गरम. शिक्केसाहेबांनी मला बसायला मुद्दाम कोपऱ्यातली जागा दिली, दगडी कट्ट्याशेजारची. पहिल्या दिवशी, पंप चालू असताना, मी छत्र्या आणि थर्मास बाजूला सरकवून त्या कट्ट्यावर तळहात टेकला. कितीतरी वेळ तसाच उभा राहिलो. जराही थरथर नव्हती. मग फोन उचलून बाईंच्या घरी लावला.

"बाई, कट्टा अजिबात हलत नाही. पंप चालू आहेत, तरी. मी आत्ता हात ठेवून पाहिला."

"हाताला काय कळतंय," बाई म्हणाल्या. "मोजलंस का?"